नावेसाठी लॉरीचं इंजिन

नदीवरच्या नावेला सुपरचार्जर कशाला हवा होता, असं मला अजूनही कोणीतरी विचारतं. विचारणारा बहुधा शिकलेला असतो आणि त्याने पुरातली तापी पाहिलेली नसते. मी एवढंच म्हणतो, की हवा होता म्हणून लावला. पुढचं ऐकायला तो थांबला तर सगळं सांगतो.

आमचं गाव तापीच्या उत्तर काठावर. हायस्कूल, दवाखाना, बाजार, कचेरी हे सगळं दक्षिण काठाला. मधे नानांची नाव. नाना जातीने भोई. घाटाचा ठेका त्यांच्या वडिलांपासून त्यांच्याकडे होता. माझे आईवडील दुसऱ्याच्या कापसात राबणारे. आमच्या घरात माझ्याआधी कोणी चौथीच्या पुढे गेलं नव्हतं. मी आठवीला पलीकडच्या हायस्कुलात जाऊ लागलो तेव्हा नानांनी पहिल्याच दिवशी भाडं नाकारलं आणि माझ्या हातात एक टिनाचं डबडं दिलं. नावेच्या तळात झिरपलेलं पाणी उपसत बसायचं, हेच माझं भाडं. पावसाळ्यात नाव चालेनाशी झाली की उत्तर काठची पोरं चार महिने घरी बसत आणि बहुतेक पुन्हा शाळेत परतत नसत. मला मात्र नाना आणि अक्का, म्हणजे त्यांची बायको, दक्षिण काठावरच्या आपल्या घरी ठेवून घेत. असे चार पावसाळे मी त्यांच्या ओसरीवर अभ्यास केला. पुढे जळगावच्या कॉलेजात इंटर झालो, पुण्याला स्कॉलरशिपवर इंजिनीअर झालो, आणि धुळ्याला आग्रा रोडवरच्या एका मोटारदुरुस्तीच्या कारखान्यात नोकरीला लागलो. माझी पदवी भिंतीवर माझ्या घरी नव्हे, अक्कांच्या ओसरीवर लावली होती. वडिलांनीच ती तिथे नेऊन दिली होती.

आणे जाऊन नवे पैसे नुकतेच चालू झाले होते, त्या सुमाराची गोष्ट. दूरच्या कुठल्याशा घाटावर पुरात एक नाव उलटली आणि त्यानंतर आमच्या घाटावर एक कागद आला. घाटावरच्या महादेवासमोर दगडी नंदी आहे. त्याच्या पायांना पाणी लागलं की नाव बंद, असा हुकूम होता. पूर्वी हे नाना स्वतः ठरवत. नंदीचे गुडघे बुडाले तरी धार बघून ते कधी कधी आजारी माणसाला पलीकडे नेत. आता तो अधिकार गेला. आणि ज्या घाटावर चार महिने नाव चालणार नाही त्याचा ठेका लिलावात निघेल, असंही खाली लिहिलं होतं. सूट एकाच नावेला होती. जी नाव यंत्राच्या जोरावर वीस माणसांचं वजन घेऊन पलीकडे जाईल आणि ज्या पायरीवरून निघाली त्याच पायरीला परत लागेल, तिला.

ही शेवटची अट लिहिणाऱ्याला नावेतलं कळत होतं, हे मान्य केलं पाहिजे. वल्ह्याची नाव कधीच समोरासमोर जात नाही. धार तिला खाली ओढते, ती चारपाच शेतं खाली कुठेतरी काठाला लागते, मग माणसं उतरून दोराने तिला काठाकाठाने वर ओढत आणतात. उन्हाळ्यात हे चालतं. पुरात काठच नसतो, तर ओढणार कुठून?

नानांनी तो कागद मला वाचायला धुळ्याला पाठवला. मी वाचला आणि रविवारी घाटावर जाऊन सांगितलं, की आपण नावेला इंजिन बसवू. नाना बिडी पेटवत होते. म्हणाले, "नदीसंगे भांडाले निंघना का रे भाऊ?"

मी म्हटलं, नदीशी नाही, त्या कागदाशी.

मग मी गणित मांडलं. तपकिरी कागदाचा मोठा ताव ओसरीवर पसरून चार कोपऱ्यांवर अक्कांचे पाटे-वरवंटे ठेवले. धारेचा वेग मोजायला नाना आणि मी नारळ पाण्यात सोडून काठाने त्याच्याबरोबर धावलो होतो. पुरातला वेग नानांनी आठवणीने सांगितला आणि तो त्यांनी कसा सांगितला हे मला अजून आठवतं: "धावता बैल जितला जास तितला." मी बैलाचा वेग मोजून कागदावर लिहिला. त्यावरून नावेला किती ताकद लागेल ते निघालं, आणि तिथे अडलं.

धुळ्याच्या भंगारबाजारात लढाईतलं लष्करी सामान अजून मिळत असे. त्यात सहा सिलिंडरचं एक पेट्रोल इंजिन होतं, लॉरीचं. ते हलकं होतं पण कमी पडत होतं. पुरेशा ताकदीचं डिझेल इंजिन होतं, पण ते इतकं जड की नाव पाण्यात फळीभर खाली बसली असती आणि वीस माणसं बसवायची जागाच उरली नसती. जड घ्यावं तर नाव बुडते, हलकं घ्यावं तर नाव वाहून जाते. महिनाभर मी ह्याच दोन ओळी पुन्हा पुन्हा लिहीत होतो.

वाट भंगारवाल्याच्याच दुकानात सापडली. एका फुटलेल्या लष्करी इंजिनावर बोटभर जाड कवचात एक हवेचा पंप होता. आत डमरूच्या आकाराचे दोन रोटर एकमेकांना न शिवता फिरत. भंगारवाला तो वजनावर विकायला तयार होता. मी पुण्याला पुस्तकातून हाताने उतरवून घेतलेली वही काढली. इंजिन जेवढी हवा ओढतं तेवढंच पेट्रोल जाळू शकतं. हा पंप इंजिनाच्याच जोरावर फिरवून हवा आत कोंबली, तर तेवढ्याच वजनाचं इंजिन कितीतरी जास्त ताकद देतं. ह्यालाच सुपरचार्जर म्हणतात. विमानांना लावतात, शर्यतीच्या बोटींना लावतात. आमच्या नावेला का लावू नये, ह्याचं उत्तर मला कोणीही देऊ शकलं नाही. उत्तर म्हणून सगळे हसले मात्र.

आमच्या कारखान्याचे शेठजी सगळ्यात जास्त हसले. नंतर ते गंभीर झाले. माणूस वाईट नव्हता, त्यांनी मला नोकरी दिली होती आणि त्याबद्दल मी आजही त्यांचा आभारी आहे. ते म्हणाले, फावल्या वेळात काय करायचं ते करा, माझं लेथ वापरा, पण त्या नावेच्या कोणत्याही सरकारी कागदावर तुमची सही दिसली तर सोमवारी इथे येऊ नका. उद्या नाव बुडाली तर लोक विचारतील इंजिनीअर कोणाचा.

मी लेथ वापरलं.

इंजिनात हवा कोंबायची तर सिलिंडरमधली दाबणी आधी कमी करावी लागते, नाहीतर पेट्रोल वेळेआधी पेट घेतं आणि पिस्टन फुटतात. त्यासाठी हेडखाली, म्हणजे सिलिंडरवरच्या झाकणाखाली, ते थोडं उंच उचलणारं जाड तांब्याचं गॅस्केट हवं होतं. धुळ्याच्या तांबटाने हंड्याचा पत्रा कापून ते दिलं. त्याने तो पत्रा निखाऱ्यावर लाल केला आणि पाण्यात बुडवला. मला वाटलं आता तो कडक होणार. तांबट म्हणाला, लोखंड कडक होतं, तांबं मऊ होतं, पुण्याला हे सांगितलं नाही का? पुण्याला सांगितलं होतं, मी विसरलो होतो. सुपरचार्जर फिरवायचा पट्टा जळगावच्या एका कापसाच्या जिनातून जुना मिळाला, चामड्याचा. प्रोपेलर जळगावलाच एका फाउंड्रीत ओतला, जिथे विहिरीच्या पंपांची चाकं ओतत. ओतणाऱ्याने साच्याचा आकार पाहून विचारलं, केळीची पानं ओतायची आहेत का. पेट्रोलची वाफ नावेच्या तळात साचून भडका उडू नये म्हणून बाजूच्या फळ्यांना मी दोन खिडक्या ठेवल्या. नाना म्हणाले, नावेला भोकं पाडणारा पहिला माणूस तू. मी त्यांना त्या पाण्याच्या वर आहेत हे कागदावर दाखवलं. त्यांनी कागद बाजूला केला आणि नावेत जाऊन बोटांनी मोजलं.

आता चुकीबद्दल. ती माझी होती.

इंजिन थंड ठेवायला लॉरीत रेडिएटर असतो. माझ्या वहीत लिहिलं होतं, की बोटीत रेडिएटर लागत नाही, भोवतीचं पाणीच इंजिनातून फिरवून बाहेर टाकायचं. हे मला लगेच पटलं, कारण आमच्याकडे सगळे तेच करतात. असोद्यापासून चोपड्यापर्यंत कुठल्याही केळीच्या मळ्यात जा. विहिरीवरचं ऑइल इंजिन पाणी उपसतं, त्यातलीच एक बारीक धार नळीने इंजिनातून फिरते, आणि मग पाटात पडते. लहानपणापासून मी इंजिन असंच पाहिलं होतं. पुस्तक लिहिणाऱ्याने समुद्र पाहिला होता, मी विहीर पाहिली होती. दोघांचं पाणी स्वच्छ होतं. दोघांनीही आषाढातली तापी इंजिनाला पाजली नव्हती.

उन्हाळ्यात नाव सुरेख चालली. नितळ पाणी, आटलेली नदी. पट्टा फिरला की सुपरचार्जर शीळ घालत असे, आणि दोन्ही काठांवरची माणसं कामं टाकून बघायला येत. नानांनी आठ दिवसांत सुकाणू आणि इंजिनाचा आवाज ह्यांची सांगड घालून टाकली. पेट्रोल किती द्यायचं हे ते कानाने ठरवू लागले.

मग पहिला पूर आला. पाणी नंदीच्या चौथऱ्याखाली वीतभर होतं. तो कागद काढणाऱ्या कचेरीचे साहेब श्रावणात दौऱ्यावर येणार, तेव्हा नावेची परीक्षा होणार होती. आम्ही आधी एकदा करून बघायचं ठरवलं. नाना सुकाणूवर, मी इंजिनापाशी, आणि नावेत वीस माणसांच्या वजनाची वाळूची पोती. नदीच्या मधोमध गेलो, धार खरी लागली, नानांनी हाताने खूण केली आणि मी पूर्ण जोर दिला. शीळ वाढली. नाव धारेत उभी राहिली. मी म्हणतो उभी राहिली, कारण काठावरचं बाभळीचं झाड मी बघत होतो आणि ते हललं नाही. नंतर ते हललं. इंजिनातून बाहेर पडणारी पाण्याची धार बारीक झाली, वाफ येऊ लागली, हेडपाशी फटकन आवाज झाला आणि गॅस्केट गेलं. इंजिन बंद. तापीने आम्हाला उचललं. नानांनी वल्ह्याने जे केलं ते मला सांगता येणार नाही, मी पोत्यांना धरून बसलो होतो. कोसभर खाली बाभळीत अडकलो.

दुसऱ्या दिवशी बाजारात आमच्यावर गाणं झालं होतं. शेठजींनी निरोप पाठवला, की निदान तो शीळ घालणारा डबा काढून टाका, सगळा दोष त्याचाच. तांबटसुद्धा म्हणाला की पत्रा त्याचा चांगला होता, हवाच जास्त. माझा स्वतःचाही अर्धा विश्वास त्यावर बसला. डबा काढला असता तर नाव चालली असती, पण उन्हाळ्यात. उन्हाळ्यात वल्ह्याची नावही चालते.

आम्ही हेड उघडलं आणि ओसरीवर आणलं. सिलिंडरभोवती पाणी फिरायच्या पोकळ्या काळ्या मातीने ठासून भरल्या होत्या. मी चमच्याने ती माती उकरत होतो. अक्का पाणी भरून आल्या, घागर खाली ठेवली आणि चमचा बघत उभ्या राहिल्या.

"हाई पानी आम्ही निवळ्याबिगर पेतस नही," त्या म्हणाल्या. "आनि तुम्ही ते इंजिनले पाजं?"

नाना हसले. मी हसलो नाही. ज्या ओसरीवर बसलो होतो तिच्या कोपऱ्यात रांजण होता. चार पावसाळे मी त्यातलंच पाणी प्यालो होतो. नदीचं गढूळ पाणी आणायचं, रांजणाच्या आतल्या बाजूला निवळीचं बी घासायचं, रात्रभर ठेवायचं, गाळ तळाला बसला की वरचं पाणी हलक्या हाताने काढायचं. आषाढ-श्रावणात काठावरचं प्रत्येक घर हे करतं. मी स्वतः ते बी घासलं होतं. आणि पुण्याहून आलो तर विसरलो.

इंजिनाला लागणारं सगळं पाणी निवळून पुरवणं शक्य नव्हतं, इतके रांजण जिल्ह्यात नव्हते. पण निवळलेलं पाणी नावेतल्या एका पिंपात एकदाच भरलं आणि तेच तेच फिरवलं तर? इंजिनातून तापून निघालेलं पाणी नावेच्या बाहेर, तळाखाली लांबच लांब तांब्याच्या नळीतून न्यायचं. बाहेरून तापी त्या नळीला थंड करील, पण आत येणार नाही. मी त्याच तपकिरी कागदाच्या मागच्या बाजूला आराखडा काढला. अक्कांना विचारलं, किती पाणी द्याल. त्या म्हणाल्या, एक पिंप तर एक पिंप, पन पिंप पहिले घास.

तांबटाने नव्या गॅस्केटबरोबर नळ्या वळून दिल्या. नळी चिमटू नये म्हणून त्याने आत राळ वितळवून भरली, मग वाकवली, मग राळ पुन्हा वितळवून काढली. नाव काठावर उलटी करून आम्ही त्या नळ्या तळाला मधल्या लाकडी कण्याच्या दोन बाजूंनी बसवल्या. वरून सागाच्या पट्ट्या, ओंडक्यांचा मार लागू नये म्हणून. सुपरचार्जर जागेवरच ठेवला. शेठजींना मी निरोप पाठवला, की डबा निर्दोष आहे.

साहेब आले तेव्हा नंदीच्या पायांना पाणी लागलेलं होतं. पाऊस थांबला होता, नदी मात्र वरून चढत होती. साहेब छत्री घेऊन देवळाच्या ओट्यावर उभे राहिले. सोबत त्यांचा कारकून. त्यांनी पोती मोजून घेतली, नाव पाहिली, इंजिन पाहिलं, शेवटी सुकाणूवर बसलेल्या नानांना पाहिलं. त्यांनी मला इंग्रजीत विचारलं, की हे यंत्र हा माणूस चालवणार का, ह्याच्याकडे कसलं सर्टिफिकेट आहे?

मी उत्तर द्यायच्या आत नानांनी मला विचारलं, काय म्हनतस साहेब? मी सांगितलं. नानांनी सुकाणूवरचा हात काढला नाही.

"साहेब, हाई नदी कोन्हं सर्टिफिकेट दखत नही," ते म्हणाले. "तुम्ही पायरी दखा."

आम्ही निघालो. पट्टा घसरू नये म्हणून मी त्यावर राळेची पूड टाकली, पिंपातलं पाणी हाताने चाचपलं, आणि मग नानांच्या हाताकडे बघत राहिलो. मधोमध धार लागली. हात खाली आला, मी जोर दिला. शीळ सुरू झाली आणि वाढत गेली. मी बाभळीकडे बघितलं नाही, हेडवर तळहात धरून बसलो. ते तापलं, जितकं तापायला हवं तितकंच, आणि तिथे थांबलं. तळाखाली एक ओंडका घासून गेला. नानांनी फक्त मान हलवली. उत्तर काठ आला. तिथे आमचं अर्धं गाव उभं होतं, माझे वडील डोक्यावर पोतं घेऊन सगळ्यांत पुढे. आम्ही त्यांना हात केला नाही, नाव वळवली. परतीला नानांनी तिला धारेशी तिरकी धरली आणि इंजिनाला पुढे ढकलू दिलं. ज्या पायरीवरून निघालो, जिच्यावर आता साहेबांनी छत्री टेकवली होती, तिथेच नाव लागली. दोर कोणी टाकला नाही, लागलाच नाही.

साहेबांनी नाव आणि पायरी दोन्ही पुन्हा पाहिली. मग त्यांनी कारकुनाकडून कागद घेतला. ते प्रामाणिक होते, जे पाहिलं ते त्यांनी लिहिलं. पण शेवटी म्हणाले, परवानगी देता येत नाही. यंत्राची जबाबदारी एखाद्या पदवीधर इंजिनीअरने घेतली पाहिजे, दर पावसाळ्याआधी त्याने तपासून सही केली पाहिजे. असा माणूस ह्या घाटावर कुठून मिळणार, असं ते खरंच सहानुभूतीने विचारत होते.

नाना माझ्याकडे बघत नव्हते. शेठजींचं बोलणं मी त्यांना सांगितलं होतं, आणि नोकरी गेली तर घरी काय होईल हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं. ते नावेत वाकून उगाच पट्टा चाचपत राहिले.

मी साहेबांकडून पेन मागितलं. त्या दिवसापर्यंत मी माझ्या नावापुढे कधी पदवी लिहिली नव्हती. मला तो दिमाख वाटायचा. त्या दिवशी मी नाव लिहिलं आणि पुढे ठसठशीत बी. ई. लिहिलं. साहेबांनी विचारलं, ही सही एकाच वर्षाची ना? मी म्हटलं, नाव चालेल तोवर.

सोमवारी मी धुळ्याला गेलो तो माझी हत्यारं आणायला. शेठजींनी शब्द पाळला, नोकरी गेली. त्यांनी चहा पाजला आणि विचारलं, तो डबा खरंच निर्दोष होता का? पुढे मला जळगावला पंपांच्या कामावर नोकरी मिळाली, पण ती दिवाळीनंतर.

हे सगळं नंतरचं. त्या दिवशी साहेब गेल्यावर, घाट रिकामा झाल्यावर, मी परवानगीच्या कागदाची प्रत हातात धरून नावेच्या काठावर बसलो होतो. नानांनी फळीखाली हात घातला आणि काहीतरी काढून माझ्या मांडीवर टाकलं. तेच टिनाचं डबडं, कडांना गंजलेलं.

"सही व्हई गई ना?" ते म्हणाले. "मंग पानी काढ."

मी कागद खिशात घातला आणि पाणी उपसायला लागलो.